चौकाचौकांतून सव्हाना : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात अमेरिकेच्या दक्षिण भागातील जुन्या बंदरांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांत जॉर्जिया राज्यातील सव्हाना या शहराविषयीचे प्रश्न सर्वांत अधिक होते, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच शहरासाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : माझे आई-वडील सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत, आईचे गुडघे दुखतात. एखाद्या शनिवार-रविवारी त्यांना सव्हानाला न्यावे असे मनात आहे. दोन दिवस पुरतील का, आणि सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, अटलांटा)

उत्तर : दोन दिवस पुरतील, मात्र गाडी एकदा उभी केली की रविवारी दुपारपर्यंत तिला हात लावायचा नाही, असे ठरवूनच निघावे. अटलांट्याहून मेकनमार्गे सव्हाना सुमारे ४०० किलोमीटर आहे आणि जायला चार तास लागतात. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी निघून रात्री मुक्कामाला पोचणे सोयीचे पडेल. मुक्काम महामार्गालगत न करता जुन्या शहराच्या आतच करावा. खर्च थोडा वाढेल, परंतु सकाळी दार उघडले की समोर चौक, म्हणजे रस्त्यांच्या मधली झाडांची छोटी बाग, असेल आणि दुपारी आईंना दोन तास खोलीवर येऊन पडता येईल.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही हे शहर गाडीतून पाहिले. एकेरी रस्त्यांवरून चौकांना वळसे घालायचे, पाटी वाचायची, छायाचित्र काढायचे आणि पुढे निघायचे, असे तासभर केल्यावर सगळे चौक सारखेच वाटू लागले. दुसऱ्या दिवशी पायी निघालो तेव्हा समजले की एका चौकाच्या सावलीतून निघून चार पावले उन्हात चालावे आणि दुसऱ्या चौकाच्या सावलीत शिरावे, यातच या शहराचे सारे सुख आहे, आणि ते गाडीच्या काचेआडून मिळत नाही.

शनिवारी सकाळी नदीच्या अंगाला असलेल्या, सोनेरी घुमटाच्या सिटी हॉलपासून निघावे. तेथून बुल स्ट्रीट हा रस्ता सरळ दक्षिणेला फोर्साइथ पार्ककडे जातो. अंतर जेमतेम दीड किलोमीटर आहे आणि वाटेत जॉन्सन, राइट, चिपेवा, मॅडिसन आणि माँटेरी असे पाच चौक लागतात. प्रत्येक चौकात बाके आहेत, म्हणजे आईंना दर चार-पाच मिनिटांनी टेकायला जागा मिळेल. डोक्यावर सदाहरित ओक वृक्षांच्या फांद्यांचे छत असते आणि त्या फांद्यांवरून करड्या रंगाच्या जटा लोंबत असतात. त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात, परंतु ते शेवाळही नाही आणि स्पेनमधून आलेलेही नाही. ती अननसाच्या कुळातील वनस्पती आहे. हवेतील ओलाव्यावर आणि पावसाच्या पाण्यावर ती जगते, झाडाचा रस शोषत नाही.

वडिलांना राइट चौकात थोडा अधिक वेळ द्यावा. १७३३ साली इंग्रज येथे उतरले तेव्हा या उंच काठावर यामाक्रॉ जमातीची वस्ती होती. त्यांचे वृद्ध प्रमुख तोमोचिची यांनी नवागतांना जागा दिली आणि त्यांचा प्रमुख जेम्स ओगलथॉर्प याच्याशी अखेरपर्यंत मैत्री राखली. दोघांमध्ये दुभाष्याचे काम मेरी मसग्रोव्ह या स्त्रीने केले, जिची आई क्रीक जमातीची आणि वडील इंग्रज व्यापारी होते. १७३९ साली तोमोचिची वारले तेव्हा त्यांना याच चौकात सन्मानाने पुरण्यात आले. पुढे १८८३ मध्ये त्याच जागी एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षांचे, विल्यम गॉर्डन यांचे, भव्य स्मारक उभे राहिले आणि कबरीची खूण नाहीशी झाली. हा अन्याय गॉर्डन यांच्याच सुनेला खटकला आणि तिच्या पुढाकाराने १८९९ मध्ये चौकाच्या कोपऱ्यात तोमोचिची यांच्या नावाची एक मोठी ग्रॅनाइटची शिळा बसवण्यात आली. बहुतेक प्रवासी मधल्या स्मारकाचे छायाचित्र काढून निघून जातात. आपण शिळेपाशी थांबावे.

पुढे मॅडिसन चौकात ग्रीन-मेलड्रिम यांचे घर आहे. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचा सेनापती शर्मन याची फौज १५ नोव्हेंबर १८६४ रोजी आपल्याच अटलांट्याहून निघाली आणि वाटेतील रेल्वे, गिरण्या, कोठारे उद्ध्वस्त करीत २१ डिसेंबरला येथे पोचली. जे अंतर आपण चार तासांत कापाल, त्यासाठी त्याच्या फौजेला पाच आठवडे लागले. सव्हाना मात्र त्याने जाळले नाही. अध्यक्ष लिंकन यांना तार पाठवून, १५० तोफा आणि सुमारे २५,००० कापसाच्या गाठींसह हे शहर नाताळची भेट म्हणून आपणांस अर्पण करीत आहे, असे त्याने कळवले, आणि मुक्काम या घरात ठोकला. वाटेचा शेवट फोर्साइथ पार्कमध्ये, १८५८ सालच्या पांढऱ्या कारंज्यापाशी होतो. तेथे आईंनी निवांत बसावे.

गुडघ्यांविषयी एक सूचना. नदीकाठचा रिव्हर स्ट्रीट शहराच्या पातळीपेक्षा बराच खाली आहे. तेथे उतरणारे दगडी जिने उभे आणि उंच पायऱ्यांचे आहेत, आणि खाली जहाजांच्या तळात भार म्हणून आणलेल्या गोट्यांची फरसबंदी आहे. तरुण माणसाचाही पाय मुरगळेल अशी ती वाट आहे. सिटी हॉलजवळच्या सार्वजनिक लिफ्टने खाली उतरावे. जुन्या शहरात मोफत बस फिरते आणि नदीच्या पलीकडच्या काठावर नेणारी बोटही मोफत आहे. संध्याकाळी त्या बोटीत बसले की घराएवढ्या उंचीचे मालवाहू जहाज शेजारून जाताना दिसण्याची शक्यता असते.

प्रश्न : मी नगररचनेचा विद्यार्थी आहे. सव्हानाचा आराखडा अभ्यासक्रमात आहे, पण त्यात चौकांचे नकाशेच आहेत. प्रत्यक्ष जाणाऱ्याने काय पाहावे? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आपण नकाशा जाणताच, तरी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. जेम्स ओगलथॉर्प याने १२ फेब्रुवारी १७३३ रोजी ही वसाहत वसवली. शहराचा घटक वॉर्ड हा होता : मधोमध मोकळा चौक, त्याच्या उत्तरेस व दक्षिणेस दहा-दहा घरांचे चार गट, आणि पूर्व-पश्चिमेस प्रार्थनाघर, बाजार यांसारख्या सार्वजनिक इमारतींसाठी चार मोठे भूखंड. सुरुवातीला असे चार वॉर्ड होते. लोकसंख्या वाढली की त्याच मापाचा नवा वॉर्ड शेजारी जोडायचा, हा क्रम १८५१ पर्यंत चालला आणि चौकांची संख्या २४ झाली. त्यांपैकी २२ आज आहेत.

प्रत्यक्ष पाहण्याजोगी गोष्ट आहे ती गेलेल्या चौकांची. १९५४ साली एलिस चौकातील जुनी बाजाराची इमारत पाडून तेथे बहुमजली वाहनतळ बांधण्यात आला. शहर हळहळले, परंतु इमारत गेली होती. दुसऱ्याच वर्षी, १८२० साली बांधलेले डेव्हनपोर्ट यांचे विटांचे घर पाडून तेथेही गाड्या उभ्या करण्याचा बेत झाला, तेव्हा सात स्त्रिया एकत्र आल्या, त्यांनी २२,५०० डॉलर जमवले आणि ते घर विकत घेतले. हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन ही संस्था त्यातून उभी राहिली. तिची पद्धत साधी आणि अनुकरणीय होती : पडझडीला आलेले घर विकत घ्यायचे, जो ते पाडणार नाही आणि नीट दुरुस्त करील असे लेखी बंधन स्वीकारेल त्यालाच विकायचे, आणि आलेल्या पैशांतून पुढचे घर घ्यायचे. अशी शेकडो घरे वाचली. १९६६ साली जुन्या शहराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. एलिस चौकातील तो वाहनतळही अखेर पाडण्यात आला, गाड्या जमिनीखाली गेल्या, आणि २०१० मध्ये चौक पुन्हा लोकांसाठी खुला झाला. आपण डेव्हनपोर्ट यांचे घर पाहून तेथून पायी एलिस चौकात जावे. वाचलेले आणि परत मिळवलेले, अशी दोन्ही उदाहरणे एका सकाळीत पाहून होतील.

प्रश्न : आमची मुले नऊ आणि बारा वर्षांची आहेत. जाहिरातींत सव्हाना म्हणजे सुंदर घरे, घोडागाड्या आणि आइस्क्रीम असेच दिसते. गुलामगिरीचा इतिहास दाखवणारी ठिकाणे मुलांना दाखवावीत का? सुट्टीचा आनंद जाईल, असे घरात एक मत आहे. (एक आई, न्यू जर्सी)

उत्तर : दाखवावीत, आणि त्या सुंदर घरांच्या सोबतच दाखवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ही घरे ज्यांच्या हातांनी बांधली आणि झाडली-पुसली, त्यांना वगळून या शहराची ओळख अर्धीसुद्धा होत नाही.

आरंभी जॉर्जियात गुलाम बाळगण्यास बंदी होती. १७३५ साली घातलेली ही बंदी १७५१ मध्ये उठली आणि त्यानंतर या बंदराची सारी श्रीमंती भाताच्या आणि कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या श्रमांवर उभी राहिली. एकच घर निवडायचे तर ओगलथॉर्प चौकातील ओवेन्स-टॉमस यांचे निवडावे. विल्यम जे या तरुण इंग्रज वास्तुशिल्पकाने आखलेले हे घर १८१९ मध्ये पुरे झाले. आत वरच्या मजल्यावर जिन्याच्या पोकळीवरून जाणारा छोटा पूल आहे, आणि त्या काळी दुर्मीळ असलेली नळाच्या पाण्याची व्यवस्थाही आहे. मुले पुलावर रमतील. परंतु तेथील फेरीची सुरुवात परसातल्या गुलामांच्या खोल्यांपासून होते. त्या खोल्यांच्या छताला दिलेला निळा रंग अजून शिल्लक आहे. दुष्ट आत्म्यांना दूर ठेवण्यासाठी असा रंग देण्याची प्रथा आफ्रिकी वंशाच्या लोकांत होती. आधी ते निळे छत आणि मग तो पूल व नळाच्या पाण्याची व्यवस्था पाहिली की मुलांना फारसे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे ठिकाण फ्रँकलिन चौकातील फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च. १८५९ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत त्या मंडळीतील गुलाम व मुक्त कृष्णवर्णीयांनी दिवसभराचे काम संपल्यावर रात्री राबून उभी केली. तळघराच्या लाकडी जमिनीत नक्षीसारखी भोके आहेत, आणि त्या जमिनीखाली पळून आलेले गुलाम लपत, श्वासासाठी ही भोके होती, असे तेथील मंडळी सांगतात. मुले हे विसरत नाहीत. आत नेणाऱ्या फेऱ्या ठरावीक वेळीच असतात, म्हणून आधी चौकशी करून वेळ ठरवावी.

त्याच वर्षी, २ आणि ३ मार्च १८५९ रोजी, शहराबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर एका मळेवाल्याचे कर्ज फेडण्यासाठी चारशेहून अधिक स्त्री-पुरुष आणि मुले लिलावात विकली गेली. दोन्ही दिवस पाऊस पडत होता. त्या दिवसांना लोक ‘रडण्याचा काळ’ म्हणू लागले. त्या जागेजवळ २००८ साली फलक लागला, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी. ही गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाला सांगावी की नाही, हे आपण आपल्या मुलाकडे पाहून ठरवावे. बारा वर्षांच्या मुलाला मी नक्कीच सांगेन.

धाकट्यासाठी मात्र सूझी किंग टेलर यांची गोष्ट आहे. त्यांचा जन्म १८४८ साली गुलामगिरीत झाला. गुलामांना वाचायला शिकवणे हा जॉर्जियात कायद्याने गुन्हा होता, त्यामुळे सव्हानातील एका मुक्त कृष्णवर्णीय बाईंच्या घरी चालणाऱ्या गुप्त शाळेत ही मुलगी रोज पुस्तके कागदात गुंडाळून नेत असे. १८६२ मध्ये उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयाला गेल्यावर, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिने मुक्त झालेल्या मुलांना आणि मोठ्यांनाही उघडपणे शिकवायला सुरुवात केली. जखमी सैनिकांची शुश्रूषाही केली. ज्या १८४८ साली तिचा जन्म झाला, त्याच साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली. सव्हानातील एका चौकाला गुलामगिरीच्या एका कट्टर समर्थकाचे नाव होते. ते काढून २०२३ साली नगर परिषदेने त्याला सूझी टेलर यांचे नाव देण्याचे ठरवले. मुलांना त्या चौकात नेऊन दोन्ही शाळांची गोष्ट सांगावी.

मराठी कुटुंबाला तर हे सारे परके वाटण्याचे कारणच नाही. जोतीरावांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि निःस्वार्थ त्याग दाखवला, त्यांना अर्पण केला होता. ते ज्या मुक्तीविषयी लिहीत होते तिचा एक महत्त्वाचा प्रसंग मॅडिसन चौकातील त्याच ग्रीन-मेलड्रिम यांच्या घरात घडला. १२ जानेवारी १८६५ रोजी २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशक तेथे शर्मनला आणि युद्धमंत्री स्टँटन यांना भेटले. तुम्हांला काय हवे, असे विचारल्यावर त्यांचे प्रवक्ते गॅरिसन फ्रेझियर यांनी जमीन मागितली, जी स्वतःच्या श्रमाने कसून आपण आपले पोट भरू शकू. चार दिवसांनी किनारपट्टीची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटून देण्याचा हुकूम निघाला. लिंकन यांच्या हत्येनंतर आलेल्या अध्यक्ष जॉन्सन यांनी तो त्याच वर्षी फिरवला आणि बहुतेक जमीन जुन्या मालकांकडे परत गेली.

संध्याकाळी आइस्क्रीम अवश्य खावे. लिओपोल्ड्स हे दुकान १९१९ पासूनचे आहे आणि बाहेर रांग असते; मुले दिवसभर काय पाहिले ते रांगेत उभी राहूनच विचारू लागतील, तेव्हा उत्तरे तयार ठेवावीत.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. तिकडे जेवणाचे कसे, आणि कोणत्या महिन्यात जावे? (एक दांपत्य, शार्लट)

उत्तर : मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलअखेर अझेलियाची झुडपे फुललेली असतात आणि हवा सुखद असते, ऑक्टोबर-नोव्हेंबरही चांगले. दोन्ही ऋतूंत चावणाऱ्या बारीक माश्यांचा त्रास होतो, अंगभर कपडे न्यावेत. उन्हाळ्यात मुंबईच्या मे महिन्यासारखा घाम येतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस वादळांची भीती असते. १७ मार्चच्या सुमारास सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीसाठी अफाट गर्दी लोटते. शांतपणे शहर पाहायचे असेल तर तो आठवडा टाळावा.

जेवणाविषयी एवढेच, की भाजी म्हणून समोर येणारी प्रत्येक गोष्ट शाकाहारी समजू नये. कोलार्डची पालेभाजी आणि वाल-घेवड्याचे प्रकार बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, आणि तेथील लाल भातातही मांस असते, म्हणून मागवण्यापूर्वी विचारावे. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या मऊ शिजवून, लोणी घालून करतात. त्या कोळंबीवाचून मागवता येतात आणि आपल्या जिभेला सहज रुचतात. कच्च्या टोमॅटोच्या तळलेल्या चकत्या आणि भेंडीही मिळते. भेंडी तेथे आफ्रिकेतून आणलेल्या लोकांबरोबर पोचली.

प्रश्न : आमच्या वऱ्हाडात जुनी माणसे सांगत, की अमेरिकेत लढाई झाली तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या गोष्टीचा या शहराशी काही संबंध आहे का? (एक शेतकरी, अमरावती जिल्हा)

उत्तर : आहे, आणि आपल्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण या शहराकडे कापसाच्या बाजूने पाहणारा प्रवासी क्वचितच भेटतो.

सरकी वेगळी करणारे यंत्र एली व्हिटनी याने १७९३ साली सव्हानाजवळच्याच मलबेरी ग्रोव्ह नावाच्या मळ्यावर राहत असताना तयार केले. त्या प्रदेशातील आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढायला माणसाचा सारा दिवस जाई. यंत्र आल्यावर लागवड बेसुमार वाढली, आणि यंत्राने श्रम वाचण्याऐवजी वेचणीसाठी गुलामांची मागणीच वाढली. सव्हाना रुईच्या गाठींचे मोठे बंदर झाले. नदीकाठच्या उंच इमारतींमध्ये अडत्यांच्या कचेऱ्या होत्या. त्यांना जोडणारे लोखंडी पूल आजही आहेत. खालून गाड्या जात आणि अडते पुलांवर उभे राहून माल पाहत, भाव ठरवत. आपल्याकडच्या कापूस बाजाराची सवय असलेल्या माणसाला ही जागा पाहताक्षणी उमजेल.

१८६१ मध्ये युद्ध पेटले आणि उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे कोंडली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा त्या हिंदुस्थानाकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांच्या शेअरांवर लोक तुटून पडले, आणि वऱ्हाड-खानदेशातील कापसाला कधी नव्हे असा भाव मिळाला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतील पेढ्या बुडाल्या. त्या तेजीत प्रचंड पैसा मिळवणारे आणि मंदीत गमावणारे प्रेमचंद रायचंद यांच्याच देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा आहे. गावोगावच्या शेतकऱ्यांवर मात्र तेजीच्या दिवसांत काढलेले कर्ज तसेच राहिले, आणि १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे उठाव झाले त्यांच्या मागच्या कारणांत या उतरलेल्या भावांची गणना इतिहासकार करतात. एकट्या सव्हानाने हे घडवले असे म्हणता येणार नाही, न्यू ऑर्लिन्ससारखी याहून मोठी बंदरेही कोंडली गेली होती. पण सव्हानाचे दार जेथे बंद झाले ती जागा आजही जशीच्या तशी उभी आहे.

ती जागा म्हणजे फोर्ट पुलास्की. शहरापासून टायबी बेटाकडे जाताना, नदीच्या मुखाशी असलेल्या बेटावर हा किल्ला आहे, आणि रविवारी दुपारी गाडी बाहेर काढायची ती यासाठीच. सुमारे अडीच कोटी विटा वापरून तो १८४७ पर्यंत बांधला गेला. भिंती साडेसात फूट जाड होत्या आणि कोणतीही तोफ त्या फोडू शकणार नाही असा जाणत्यांचा विश्वास होता. १० एप्रिल १८६२ रोजी सकाळी टायबी बेटावरून, दीड किलोमीटरहून अधिक अंतरावरून, आटे पाडलेल्या नळीच्या नव्या तोफांचा मारा सुरू झाला, आणि तीस तासांत कोपऱ्याची भिंत ढासळून किल्ला पडला. त्यानंतर या बंदरात मोठ्या जहाजांना शिरता येईना. भिंतीचे ते खिंडार पुढे वेगळ्या विटांनी बुजवले, म्हणून त्याचा रंग आजही निराळा दिसतो. शेजारच्या विटांत गोळ्यांचे खड्डे तसेच आहेत आणि काही ठिकाणी लोखंडी गोळे अजून रुतलेले आहेत. वर सांगितलेल्या सूझी टेलर याच धामधुमीत, किल्ला पडल्यानंतर काही दिवसांतच, आपल्या काकांबरोबर सेंट कॅथरीन बेटावर उत्तरेच्या आरमाराच्या आश्रयाला गेल्या होत्या.

आपले कोणी नातलग तिकडे असतील तर त्यांना हे पत्र दाखवावे आणि किल्ल्याच्या त्या कोपऱ्याचे छायाचित्र मागवावे. खंदक पाण्याने भरलेला असतो तेव्हा बाहेरच्या बाजूने भिंतीचा तो दोन रंगांचा भाग पाण्यातही दिसतो.